क्लॅरनेटवाल्या गोकुळचा दात

गोकुळ भालचिमचं गाव डिंभे धरणाच्याही वर, जिथं भातखाचरं संपतात आणि कडा सुरू होतो तिथलं. बाप भात आणि नाचणी करायचा, चुलते तेच करायचे, गोकुळनंही तेच केलं असतं. पण तो आश्रमशाळेत असताना कुणीतरी शाळेला जुन्या वाद्यांची एक पेटी देणगी दिली. पंधरा ऑगस्टच्या संचलनाला उपयोग होईल म्हणून. पेटीत ढोल निघाले, ताशा निघाला, बिगुल निघाले आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक क्लॅरनेट निघालं. बिगुलांवर पोरांच्या उड्या पडल्या. क्लॅरनेट मात्र फुंकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नुसतं किंचाळायचं. फिरत फिरत ते गोकुळकडं आलं आणि त्याच्याकडंच राहिलं.

शाळा सुटल्यावर तो मंचरला उतरला. बाजार समितीत कांद्याच्या गोण्या शिवायचं काम धरलं आणि संध्याकाळी बाळासाहेबांच्या बँडच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहू लागला. बाळासाहेब बँडचे मालक, स्वतः ट्रंपेट वाजवायचे. एक दिवस त्यांनी त्याला आत बोलावलं, हातात क्लॅरनेट दिलं आणि वाजव म्हणाले. त्यानं शाळेत बसवलेलं एक गाणं वाजवलं. बाळासाहेबांनी विचारलं, “कुणी शिकीवलं?” गोकुळ म्हणाला, “कुणी न्हाई.” बाळासाहेब म्हणाले, “मंग आता शिकावं लागंल,” आणि त्याच्या मापाचा डगला काढायला सांगितला.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. डीजे आले आणि कितीतरी बँड मोडले. बाळासाहेबांचा टिकला, तो बऱ्याच अंशी गोकुळच्या जोरावर. आळ्यापासून खोडदपर्यंत आणि इकडं घोडेगावापर्यंत सुपारी द्यायला आलेली माणसं विचारायची, “क्लॅरनेटवाला त्योच हाये ना? सावळा, उंच?” तो असला तर सुपारी पक्की. गोकुळ स्वतः याविषयी कधी बोलला नाही. तसा तो कशाविषयीच फार बोलत नसे. वरातीत पोरं नोटा ओवाळून त्याच्या डगल्याच्या खिशात खोचायची, तेव्हाही त्याची नजर समोर कुठंतरी लांब असायची. बायको उज्ज्वला ब्लाउज शिवायची. मुलगी श्रेया कॉलेजात होती. भाड्याच्या दोन खोल्या, खाली घरमालकीण भागूबाई. संसार नीट चालला होता.

त्या वर्षी वैशाखात खोडदला लग्न होतं. दुपारची परण्याची मिरवणूक, मग लग्न, आणि लगेच परतायचं, कारण दुसऱ्या दिवशी मंचरातच वरात होती. बँडचा टेम्पो खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्यांच्या बाजूनं नारायणगावाकडं निघाला, तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. जेवणाला उशीर झाला होता आणि लग्नातलं जेवण गोकुळला वाजवण्याच्या गडबडीत नीट मिळालं नव्हतं. उज्ज्वलानं पिशवीत शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट टाकून दिलं होतं. मंचरच्या हायवेवर जे नवं सुपरमार्केट झालं होतं, ज्याला सगळे मॉल म्हणायचे, तिथलं. चिक्की त्यांची स्वतःचीच होती, मॉलच्या मागच्या शेडमध्ये बायका करायच्या. पाकिटावर मॉलचं नाव आणि तारखेचा शिक्का होता.

गोकुळनं एक वडी शेजारच्या ढोलवाल्याला दिली आणि दुसरी स्वतः चावली. वडी जाड होती, म्हणून पुढच्या दातांनी जोर लावला. कट्ट असा आवाज झाला. तो आवाज त्याला कानांनी नाही, डोक्याच्या आतून ऐकू आला. पाठोपाठ तोंडात गरम आणि खारट लागलं. त्यानं वडी तोंडातून बाहेर काढली. तुटलेल्या कडेतून एका स्क्रूचं डोकं बाहेर आलं होतं. बाकीचा स्क्रू गुळात आणि दाण्यांत पक्का बसला होता.

ढोलवाला म्हणाला, “दात गेला राव.”

गोकुळनं जीभ लावून पाहिली. वरचा पुढचा दात निम्मा नव्हता.

क्लॅरनेट वाजवणारा माणूस वाद्य तोंडात धरतो, तेव्हा खालचा ओठ वेताच्या पातळ पत्तीखाली असतो आणि वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकलेले असतात. त्या दातांवरच सगळं तोललेलं असतं. हे बँडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बाळासाहेब पुढं ड्रायव्हरजवळ बसले होते. त्यांना मंचरला उतरल्यावर कळलं. त्यांनी गोकुळला बँडच्या खोलीत दिव्याखाली नेऊन तोंड उघडायला लावलं, पाहिलं आणि म्हणाले, “डाक्टरला दाखव. उद्याचं मी बघतो.”

दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की दात मुळापर्यंत चिरला आहे, काढावाच लागेल. काढला. जखम भरल्यावर काढता-घालता येणारा एक दात बसवून दिला. दिसायला तो शेजारच्या दातासारखाच होता. जेवताना काढून ठेवायचा आणि बोलताना घालायचा. डॉक्टर म्हणाले, “पक्का बसवायचा तर इम्प्लांट करावं लागेल. त्याला खर्च येतो आणि वेळही लागतो.”

तो दात घालून गोकुळ पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला, तेव्हा नवरदेव घोड्यावर बसलेला होता आणि वरात चौकात आली होती. सुरुवातीच्या दोन ओळी निघाल्या. मग वरच्या पट्टीत जायची वेळ आली आणि दात हलला. क्लॅरनेट किंचाळलं, अगदी शाळेतल्या पोरांच्या हातात किंचाळायचं तसं. नाचणारी पोरं हसली. एकानं त्या आवाजाची नक्कल केली. गोकुळनं पुन्हा धरलं, पुन्हा तेच झालं. बाळासाहेबांनी ट्रंपेटवर गाणं उचललं आणि वरात पुढं सरकली.

त्यानंतर बाळासाहेबांनी त्याला खुळखुळा दिला. बँडमध्ये खुळखुळा म्हाताऱ्यांना देतात, किंवा नव्यानं आलेल्यांना. “लोकांला तू दिसला पायजे,” बाळासाहेब म्हणाले, “सुपारी तुझ्या नावावर घेतलीया. सीझन निघू दे, मंग बघू.” त्यांचंही चुकत नव्हतं. मेहनताना अर्थातच खुळखुळ्याचा मिळू लागला. उरलेला सगळा सीझन गोकुळ तोच झालरीचा डगला घालून, तीच टोपी घालून, मागच्या रांगेत खुळखुळा हलवत चालला. क्लॅरनेटवर राजगुरुनगरचा एक पोरगेला माणूस आणला होता. तो बरा वाजवायचा.

मॉलमध्ये ते दोघं आधीच एकदा जाऊन आले होते, दात काढल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उज्ज्वलानं चिक्कीची ती वडी, स्क्रूसकट, स्टीलच्या डबीत घेतली होती. पाकीटही जपून ठेवलं होतं. बिल मात्र तिनं फेकून दिलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं मोबाइल नंबर विचारला, कॉम्प्युटरमध्ये घातला आणि बिलाची दुसरी प्रत काढून तिच्या हातात दिली. मग शर्टावर मॉलचं नाव असलेला एक जण आला, त्यानं डबीत डोकावून पाहिलं.

“ताई, पाकीट बदलून देतो ना,” तो म्हणाला. “वर एक बिस्किटचा पुडा देतो.”

“पाकीट नको,” उज्ज्वला म्हणाली. “दात बदलून द्या.”

त्यानं दोघांना आतल्या केबिनमध्ये नेलं. तिथं संयम बसला होता. मॉल त्याचा. त्याच्या वडिलांचं, सोहनलाल शेठचं, मंचरच्या जुन्या पेठेत किराणा दुकान होतं आणि अजूनही आहे. संयमनं गोकुळला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

“गोकुळभाऊ? तुम्ही माझ्या वरातीत वाजवलं होतं. आमचे राजस्थानचे पाहुणे अजून विचारतात.”

गोकुळनं मान हलवली. त्यालाही ती वरात आठवत होती. पाहुण्यांनी फर्माईश करून त्याच्याकडून मारवाडी चालीचं गाणं वाजवून घेतलं होतं आणि ते त्याला येत होतं याचं सगळ्यांना नवल वाटलं होतं.

संयमनं डबी पाहिली, बराच वेळ पाहिली. चहा मागवला. मग म्हणाला की डॉक्टरांचा सगळा खर्च तो देईल, आत्ता देईल. फक्त एका कागदावर सही हवी, की हा स्क्रू मॉलच्या मालातून आला असं आमचं म्हणणं नाही आणि आम्ही कुठं तक्रार करणार नाही. “तुम्ही समजून घ्या,” तो म्हणाला. “अन्न-औषधवाले आले तर शेड बंद होईल. दहा-बारा बायका कामाला आहेत तिथं.”

“मंग स्क्रू कुठनं आला?” उज्ज्वलानं विचारलं.

“ते मी कसं सांगणार, ताई?”

गोकुळला खर्च मिळत होता तेवढा घ्यावा आणि उठावं असं वाटत होतं. त्यानं तसं उज्ज्वलाकडं पाहिलंही. संयमला ते दिसलं असावं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “एका दाताचं काय एवढं, गोकुळभाऊ. बसवून मिळतो.”

गोकुळनं चहाचा कप खाली ठेवला. रागावला असं नाही, पण यापुढं तिथं बसवेना. “इचार करून सांगतो,” म्हणाला आणि डबी उचलून बाहेर आला.

त्याला जे सांगता आलं नव्हतं ते असं होतं. क्लॅरनेट वाजतं तेव्हा त्याचा सूर वाजवणाऱ्याला फक्त कानांनी ऐकू येत नाही. माउथपीसवर टेकलेल्या दातातून तो वर कवटीत जातो, कपाळात घुमतो. सूर थोडा जरी ढळला तरी कानाआधी दाताला कळतं. पुढं जो दात बसवला त्याला काहीच कळत नव्हतं. गोकुळ खोलीवर एकटा असताना वाजवून पाहायचा, तेव्हा सूर दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून निघाल्यासारखा बाहेरून ऐकू यायचा. हे तो कुणाला सांगणार आणि कशा शब्दांत?

सीझन संपला, पावसाला सुरुवात झाली, आणि उज्ज्वलानंच पुढचं पाऊल उचललं. तिच्याकडं घोडेगावच्या अंजनाताई ब्लाउज शिवायला टाकायच्या. त्या वकील होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबी उघडून पाहिली, पाकिटाचा आणि बिलाचा फोटो काढला.

“आधी नोटीस पाठवू,” त्या म्हणाल्या. “नाही ऐकलं तर पुण्याला ग्राहक आयोगात अर्ज करता येतो. वकील लागतोच असं नाही, पण मी येईन. तुम्ही ही वडी तेवढी सांभाळा. ती गेली तर सगळं गेलं.”

वडी सांभाळणं सोपं नव्हतं. पावसाळ्यात चिक्कीला ओल सुटते. डबीत ठेवली तर ती पाझरायला लागली, आणि मुंग्यांना कसा कोण जाणे पत्ता लागला. शेवटी उज्ज्वलानं ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भागूबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवली, कारण त्यांच्याकडं फ्रीज नव्हता. भागूबाईंनी तिला अंड्यांच्या कप्प्यात जागा दिली. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या फ्रीज उघडून दाखवायच्या आणि म्हणायच्या, “ही कोर्टाची चिक्की. हात न्हाई लावायचा.”

नोटिशीचं उत्तर पुण्याच्या एका वकिलाच्या सहीनं आलं. अंजनाताईंनी ते वाचून बाजूला ठेवलं होतं, पण गोकुळनं मागून घेतलं. मराठीतच होतं, पण वाचायला अवघड होतं. एक वाक्य मात्र त्याला नीट कळलं. सदर स्क्रू तक्रारदाराने पैसे उकळण्याच्या हेतूने स्वतः चिक्कीत बसवला असून संपूर्ण प्रकार हा बनाव आहे, असं त्यात लिहिलं होतं.

“ह्ये संयमनं लिव्हलंय?” त्यानं विचारलं.

“वकील असंच लिहितात,” अंजनाताई म्हणाल्या. “मनावर घेऊ नका.”

“पर नाव तर त्याचंच हाये.”

“हो. त्याच्या वतीनं.”

गोकुळनं कागद घडी करून परत दिला. “करा तुमी अर्ज,” तो म्हणाला. तोवर तो या सगळ्यात उज्ज्वलाच्या मागं मागं चालत होता. त्या दिवसापासून तो पुढं झाला. दात गेला होता, सीझन गेला होता, खुळखुळा हातात आला होता, हे सगळं त्यानं गिळलं होतं. पण आपण खिशातून स्क्रू काढून गुळात दाबतोय, मग तो चावून स्वतःचा दात पाडतोय, असं चित्र कुणीतरी कागदावर उतरवलं होतं आणि तो कागद सरकारदरबारी राहणार होता. ते त्याला गिळता येईना.

अर्ज श्रेयानं अंजनाताईंच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरवर भरला. मग पुण्याच्या तारखा सुरू झाल्या. सकाळची एसटी, दुपारी वडापाव, संध्याकाळची एसटी. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली की ती मिळायची. संयम कधी आला नाही, वकीलच यायचे. दुसरा लग्नाचा सीझनही गोकुळनं खुळखुळ्यावर काढला. एकदा आळेफाट्याला वरात पाहणाऱ्या एका म्हाताऱ्यानं बाळासाहेबांना विचारलं, “त्यो उंच गडी वाजवत न्हाई का आता?” बाळासाहेब म्हणाले, “त्याची केस चाललीया.” म्हाताऱ्याला काहीच कळलं नाही.

एका तारखेला आयोगानं वडी पाहायला मागितली. उज्ज्वलानं ती थंड पाणी ठेवायच्या रिकाम्या थर्मासमध्ये घालून नेली होती. टेबलावर प्लॅस्टिक उघडलं. वडीचा आता चौकोन राहिला नव्हता, तपकिरी गोळा झाला होता. स्क्रू मात्र अजून त्यात होता आणि त्याच्या भोवती दाणे चिकटलेले होते. आयोगाच्या बाईंनी चष्मा लावून तो पाहिला, पेननं जरा ढोसला.

समोरच्या वकिलांनी विचारलं, “तक्रारदार म्हणतात त्यांचं उत्पन्न बुडालं. ते वादक आहेत याचा पुरावा काय? पगारपत्रक आहे? रिटर्न भरलेत?”

गोकुळ उभा राहिला. “पगार नसतो, साहेब. सुपारी असती.”

“म्हणजे पुरावा नाही.”

अंजनाताई काही बोलणार तेवढ्यात गोकुळ म्हणाला, “ज्यांनी तुमाला पाठवलंय त्यांच्या लग्नाच्या शूटिंगची शिडी बघा. घोड्याच्या म्होरं मीच हाये.”

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वर पाहिलं. समोरचे वकील म्हणाले की त्यांना याची माहिती घ्यावी लागेल. बाईंनी दोन्ही बाजूंना विचारलं, हे प्रकरण मध्यस्थीनं मिटवायचा प्रयत्न करणार का? दोघांनी होकार दिला आणि त्यासाठी पुढची तारीख पडली.

त्या तारखेच्या आधी एका दुपारी सोहनलाल शेठ गोकुळच्या घरी आले. एकटेच, पायी. वय झालेलं, पांढरा शर्ट, धोतर, हातात कापडी पिशवी. जिना चढून दम लागला होता. उज्ज्वलानं मशीन थांबवून खुर्ची पुढं केली. त्यांनी जैन रिवाजाप्रमाणं उकळून गार केलेलं पाणी आहे का विचारलं. नव्हतं. मग ते तसेच बसून राहिले, दम जिरेपर्यंत.

“गोकुळ, तू गोण्या शिवायचास तेव्हापासून मी तुला ओळखतो,” ते म्हणाले. “माझ्या दुकानातून सुतळी नेत होतास.”

“व्हय, शेठ.”

“ती लग्नाची सीडी मागितली होती वकिलानं. संयमनं घरी लावली. सगळे बसून बघत होतो. मी मधेच उठून आत गेलो.” ते थांबले. “मी त्याला विचारलं, मशीन उघडून पाहिलंस का? दाणे भरडायचं. तो म्हणाला, पाहिलं. मी म्हटलं, मग? तो गप्प बसला.”

खाली भागूबाईंचा मिक्सर चालू झाला आणि बंद झाला.

“तुम्ही ह्ये आमाला का सांगता?” उज्ज्वलानं विचारलं.

“मी चाळीस वर्षं दुकानात बसलो. माझ्याही तांदळात खडे निघाले, डाळीत किडे निघाले. लोक आणून दाखवायचे. मी घ्यायचो परत. कुणाला खोटारडा म्हटलं नाही.” मग ते गोकुळकडं वळले. “तो वाईट नाही. घाबरलाय. कर्ज काढून दुकान मोठं केलंय आणि रोज कुणीतरी काहीतरी सांगून घाबरवतं. तू काय मागशील ते मी द्यायला लावतो. केस सोडून दे.”

“पैशाचं तुमी म्हणाल तसं,” गोकुळ म्हणाला. “पर त्या कागदात मला बनावट म्हटलंय, शेठ. त्ये तसंच ऱ्हाईल का?”

शेठनी थोडा विचार केला. “नाही राहणार,” ते म्हणाले. “माझ्या हयातीत तर नाही.” आणि कठड्याला धरून जिना उतरले. गोकुळ त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत गेला. रिक्षा थांबवू का विचारलं, तर नको म्हणाले.

मध्यस्थीच्या दिवशी संयम स्वतः आला होता. छोटी खोली होती, गोल टेबल होतं. मध्यस्थ म्हणून बसलेले निवृत्त गृहस्थ सगळ्यांशी सारख्याच आवाजात बोलत होते. त्यांनी गोकुळला विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवं आहे. अंजनाताईंनी त्याला इम्प्लांटचा खर्च, बुडालेले दोन सीझन, सगळं नीट पाठ करून घेतलं होतं. गोकुळनं ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “आन स्क्रू मी घातला न्हाई, ह्ये त्यांनी लिवून द्यावं.”

संयमचे वकील म्हणाले की खर्चाबाबत चर्चा होऊ शकते, पण तशी कबुली देता येणार नाही. संयमनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“स्क्रू आमचा होता,” तो म्हणाला. “तुम्ही येऊन गेलात त्याच संध्याकाळी मी मशीन खोललं. जाळीचा एक स्क्रू नव्हता. मी नवा लावला.” तो गोकुळकडं पाहत नव्हता, टेबलाकडं पाहत होता. “मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नंतर प्रत्येक तारखेला ते आणखी अवघड होत गेलं.”

वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. मध्यस्थांनी पाण्याची बाटली पुढं सरकवली, कुणाकडं असं नाही, टेबलाच्या मधोमध.

गोकुळला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपल्याला बरं वाटेल. तसं काही खास वाटलं नाही. माणूस इतके दिवस हे घेऊन फिरत होता आणि आपण त्याच्या चार गल्ल्यांवर खुळखुळा हलवत होतो, एवढंच मनात आलं. तो म्हणाला, “झालं मंग. लिवा.”

लिहिलं गेलं. आधीचं उत्तर मागं घेतल्याचं आणि त्यातले आरोप खोटे असल्याचं त्यात आलं. दाताचा खर्च आला आणि सीझनची भरपाई आली, मागितली होती त्याहून थोडी कमी, पण अंजनाताई म्हणाल्या की आयोगाच्या निकालानंही साधारण एवढीच मिळाली असती आणि त्याला आणखी वेळ लागला असता. मशीनपुढं चुंबक बसवायचा, असंही मध्यस्थांनी लिहून घेतलं. संयम म्हणाला, तो बसवला आहे. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, “गाडीनं सोडू का मंचरला? मी तिकडंच चाललोय.” उज्ज्वला नको म्हणणार होती, पण एसटीला बराच अवकाश होता. तिघं एकाच गाडीतून आले. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा संयमनं रेडिओ लावला आणि थोड्या वेळानं बंद केला.

इम्प्लांट झालं. दात पक्का बसला, हलायचा नाही. पण गोकुळनं क्लॅरनेट धरलं तेव्हा सूर तसाच बाहेरून आला, परक्यासारखा. डॉक्टर म्हणाले, खिळ्यावर बसवलेला दात आहे, जुन्यासारखी जाणीव त्याला येत नाही. गोकुळनं मान हलवली आणि फी देऊन निघाला.

मग पावसाळाभर तो बँडच्या खोलीत दुपारी एकटा बसायचा. भिंतीला डगले टांगलेले, ढोल एकावर एक रचलेले. वरचा ओठ दातांवर आत दुमडून, माउथपीसला दात लागूच न देता, फक्त दोन ओठांत क्लॅरनेट धरून तो वाजवू लागला. सनईवाले असंच काहीसं धरतात हे त्यानं पाहिलं होतं. सुरुवातीला थोड्याच वेळात ओठ सोलून निघायचे. उज्ज्वला तूप लावून द्यायची. ओठ हळूहळू निबर झाले. दिवाळीपर्यंत एक अख्खं गाणं निघू लागलं, पण ते पूर्वीचं नव्हतं. आवाज मऊ झाला होता, थोडा आत ओढलेला. वरातीत डीजेच्या बरोबरीनं चौक दणाणून सोडायचं ते गेलं. सूर आता दातातून येत नव्हता, ओठांतून येत होता, आणि ओठांना ओळखायला त्याला वेळ लागत होता.

बाळासाहेबांनी दाराशी उभं राहून ऐकलं. “ह्ये वरातीला न्हाई चालायचं,” ते म्हणाले.

“न्हाई चालणार,” गोकुळ म्हणाला.

“पंगतीला चालंल.”

पूर्वी लग्नात जेवणावळी चालू असताना बँड एका बाजूला बसून संथ गाणी वाजवायचा. ती पद्धत मोडली होती. बाळासाहेबांनी ती नव्या सुपाऱ्यांत घालायला सुरुवात केली, पंगतीला क्लॅरनेट, वरातीला ट्रंपेट आणि राजगुरुनगरचा गडी. काहींनी नको म्हटलं, काहींनी घेतलं. आळ्याच्या एका बागायतदारानं घेतलं. मांडवाच्या कडेला गोकुळ खुर्चीवर बसला, मागं एक साधा ढोलक. बुंदी वाढणाऱ्यांची पळापळ चालू होती, पत्रावळी सरकत होत्या, लहान मुलं रडत होती. पहिलं गाणं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्याला शेवटच्या रांगेतल्या एका बाईनं घास हातात धरून मान वळवली.

गोकुळनं थांबून रुमालानं ओठ पुसले, पत्ती जिभेनं ओली केली आणि ढोलकवाल्याला म्हणाला, “जरा सावकाश धर. घाई न्हाई.” मग त्यानं पुढचं गाणं सुरू केलं.